फोंड्यातलं अँप रिपेअरचं दुकान: काम चोख, वेळेचं विचारू नका

चवथीच्या आदल्या रात्री माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधून झाली आणि मला सुचलं की जुना स्टिरिओ पावर अँप (अँप्लिफायर) काढून गणपतीच्या खोलीत लावूया. घाईत अँप चालू असतानाच स्पीकरची वायर बदलत होतो, लाल टर्मिनलात खुपसलेल्या वायरीची केसाएवढी एक तार बाहेर राहिली ती शेजारच्या काळ्याला टेकली. फट्ट! डावी बाजू गप. चूक माझीच, बायकोने ते लगेच सांगितलं पण.

पहिल्या दुकानात (नाव नको) न उघडताच बोर्ड गेला म्हणाले, नवीनच घ्या. मग भावोजींनी वरच्या बाजारातल्या या काकांकडे पाठवलं. पाटी नाही, जिन्याखाली एक टेबल, सोल्डरचा वास आणि एकच स्टूल, त्यावर पण कोणाचा तरी मिक्सर.

काम मात्र बघण्यासारखं. करंट द्यायच्या आधी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडला, तो लख्ख पेटून राहिला म्हणजे आत शॉर्ट आहे, आणखी काही जळायच्या आधी कळतं. डाव्या चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर आणि फ्यूज गेलेले. ते बदलल्यावर मी स्पीकर जोडायला गेलो तर ओरडलेच, "पयलीं मिटर, मागीर स्पीकर!" काही न जोडता दोन्ही आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज, मोजलं, डावीकडे १४ मिलिव्होल्ट, उजवीकडे ११. एवढं चालतं, तिथे दहावीस व्होल्ट दिसले असते आणि स्पीकर लावला असता तर त्याच्या आतल्या कॉइलची राखच.

मग माझी शाळा घेतली. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्यायचा. सोललेल्या तारांना नीट पीळ द्यायचा, एकही बाहेर डोकावता कामा नये. माझी वायर कापून दाखवली तर आत दोन बोटं तांबं काळंहिरवं, आपल्या पावसाची कृपा. मागच्या खोलीतले स्पीकर पण त्याच टर्मिनलला मारू का विचारलं तर अँपच्या पाठीवरचं वाचायला लावलं, किमान ८ ओम, म्हणजे स्पीकरचा रोध त्याहून कमी नको. ८ चे दोन पॅरलल लावले की ४ होतात, मग अँप तापणार, परत माझ्याकडे येणार, म्हणाले.

सगळ्यात मजा पेन्सिल सेलची. स्पीकर अँपपासून सुटा केला आणि सेलचा प्लस लालला, मायनस काळ्याला क्षणभर टेकवला, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर बरोबर. माझा डावा आत गेला! म्हणजे कोणीतरी आतली वायर उलटी जोडलेली, म्हणून दोन्ही लावल्यावर तबल्याचा बायाँ पोकळ वाटायचा, इतकी वर्षं मी रेकॉर्डिंगला नावं ठेवत होतो.

आता तक्रार. तीन दिवस सांगून अठरा लावले, चवथ कधीच उरकली, फोन उचलत नाहीत आणि दुपारी १ ते ४ शटर खाली म्हणजे खालीच. बिल ९०० रुपये, जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. जाताना स्पीकर आणि वायर सोबत न्या, नुसता अँप नेलात तर परत पाठवतात, मला दोनदा पाठवलं, आणि माझा अँप चांगला अकरा किलोचा आहे.