मेथीसाठी घ्या, टोमॅटोसाठी नको : मुलांच्या बाग-स्वयंपाक संचाचं परीक्षण

शहरातल्या मुलांनी स्वतः पेरावं, काढावं आणि शिजवावं म्हणून ऑनलाइन जे संच मिळतात, त्यातला हा एक. किंमत ८०० रुपयांच्या आसपास. याच साच्याचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि आतला माल जवळपास तोच असतो, म्हणून नावापेक्षा आत काय आहे आणि ते घरी कसं चालतं तेच पाहू.

खोक्यात ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट, साधारण ३० बाय २० सेंटीमीटरचा ट्रे, ४ इंची दोन कुंड्या, मेथी, धणे आणि टोमॅटो यांचं बी, छोटं खुरपं, स्प्रे बाटली आणि पाककृतीची कार्डं आहेत. खुरपं चांगलं आहे. मुलांच्या मुठीत बसतं आणि कडा बोथट आहे. खत मात्र चिमूटभरही नाही, आणि संचातली सगळ्यात मोठी चूक हीच. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पण त्यात पोषण नसतं. रोपं उगवतात, बियातल्या साठ्यावर आठवडाभर वाढतात आणि मग पिवळी पडून थांबतात. मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. वीट साडेतीन लिटर पाण्यात भिजवून फुलवा आणि दोन भाग कोकोपीटला एक भाग गांडूळखत मिसळा. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत; धार लागली तर पाणी जास्त झालं.

ट्रेला भोकं नाहीत. तापवलेल्या खिळ्याने तळाला आठ-दहा भोकं मोठ्यांनी पाडून द्यावीत. नाहीतर पाणी साचतं, रोपाचा देठ मातीलगत मऊ पडतो आणि रात्रीत अर्धा ट्रे आडवा होतो. स्प्रे बाटली हातात आली की मुलं दर तासाला पाणी मारतात. त्यांना आधी बोट पेराएवढं मातीत खुपसायला शिकवा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कार्डावर हे एक वाक्य असतं तरी पुष्कळ ट्रे वाचले असते.

मेथी हा या संचाचा जीव आहे. टेबलचमचाभर बी रात्रभर भिजवायचं, सारखं पसरायचं आणि वर अर्धा-एक सेंटीमीटर मिश्रण भुरभुरायचं. तीन-चार दिवसांत मातीचा वरचा थर झाकणासारखा अख्खा उचलला जातो. पालक घाबरून तो दाबून टाकतात, तसं करू नका. हलका फवारा मारला की थर आपोआप मोडतो आणि खालून वाकलेल्या माना, टोकाला टरफल अडकलेली पानं दिसतात. मुलांना नेमकं तेव्हाच ट्रेजवळ बसवा. तीन-चार तास ऊन मिळालं तर वीस-पंचवीस दिवसांत मेथी काढायला येते. तेवढा काळ मुलाचा उत्साह टिकतो. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी बी दाट पेरून दोन आठवड्यांत मुळासकट उपटावी. मुंबईच्या बाजारात बारीक जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी अशीच कोवळी काढतात. ती वाळूत वाढते, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवावी लागते.

धण्यांच्या पाकिटावर ‘थेट पेरा’ लिहिलं आहे. अख्खा धणा म्हणजे दोन बिया. लाटण्याने हलकेच दाबून त्या वेगळ्या केल्या तर उगवण चांगली होते. तरी आठ-बारा दिवस लागतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

खोक्यावर चित्र टोमॅटोचं आहे, पण ४ इंची कुंडीत टोमॅटो होत नाही. त्याला निदान १२ इंची पिशवी, सहा तास ऊन आणि अडीच-तीन महिने लागतात. ते बी बाजूला ठेवा. बी गुलाबी-निळं दिसलं तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो. ते मुलांच्या हातात देऊ नये आणि खाण्यात तर अजिबात येऊ नये.

पाककृतींत मेथी पराठा आहे, आणि त्याला तीन वाट्या पानं सांगितली आहेत. एका ट्रेतून चिरून जेमतेम वाटी-दीड वाटी निघते. त्यापेक्षा थालीपीठ करा. एक वाटी मेथी, एक बारीक कांदा, मीठ, तिखट, हळद आणि तीळ एकत्र करून दहा मिनिटं ठेवा. याला पाणी सुटतं, म्हणून दोन वाट्या भाजणी त्यानंतरच घाला आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. आधीच पाणी ओतलं तर पीठ सैल होतं आणि थालीपीठ उचलताना तुटतं. घट्ट पिळलेल्या ओल्या कापडावर थापणं आणि बोटाने भोकं पाडणं ही मुलांची कामं. तव्यावर टाकणं मोठ्यांचं. भोकांत तेल सोडून मध्यम आचेवर झाकण ठेवा. पाच-सहा थालीपिठं होतात.

कार्डं फक्त मुलाशी बोलतात, घरातल्या इतरांना त्यात कामच नाही. मेथी निवडताना कोणता देठ ठेवायचा आणि कोणता जून म्हणून टाकायचा, हे आजी दोन मिनिटांत शिकवते. ते कुठल्याही कार्डावर मावणार नाही.

हेच सामान नर्सरीतून सुटं घेतलं तर स्वस्त पडतं. संच घेतलाच किंवा भेट म्हणून आला तर दुसऱ्या पेरणीसाठी पाकीट मागवू नका, स्वयंपाकघरातली मेथी चालते. दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवा, सात-आठ दाण्यांना मोड आले तर पेरा. जुनं कोकोपीट मुळं काढून दोन दिवस उन्हात वाळवा आणि दोन मुठी गांडूळखत घालून पुन्हा ट्रेत भरा.