किडनी दिल्यावर घरी मदत कुणाची घ्यावी? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

भावाला डावी किडनी देऊन आठ महिने झाले. दुर्बिणीतून ऑपरेशन, पाचव्या दिवशी घरी. डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरी आल्यावर जी माणसं कामाला लावली त्यांच्याबद्दलच लिहिते, कारण तिथे आमचा अंदाज पार चुकला.

बाळंतपण असो की दुखणं, आपल्याकडे बाई माहेरी जाते. इथे माहेरचाच पेशंट! भावाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी केलेली, घरात शिरायचं तर मास्क लावून, आणि बारा-बारा तासांनी द्यायच्या गोळ्यांसाठी आई आणि वहिनी घड्याळाला बांधलेल्या. ते बरोबरच होतं. पण सगळ्यांचे फोन तिकडे. मला मात्र 'भाऊबीजेला आता काय ओवाळणी मागणार?' हा विनोद. अकरा जणांनी केला, मोजलेत.

नवऱ्याने ब्युरोतून पेशंट सांभाळणारी बाई ठरवली. रात्रीचे बारा तास, दिवसाचे नऊशे, तीन आठवड्यांचे पैसे आगाऊ. पहिल्या चार रात्रींसाठी माझे पाच तारे. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे ऑपरेशननंतर खांदा दुखतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरले, ती नाही. सरळ उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन उठा. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरा. हे तिनेच शिकवलं. पाचव्या रात्री ब्युरोने तिला दुसरीकडे पाठवलं. नंतर दोघी आल्या, पण तोवर मी एकटी बाथरूमला जात होते. त्या बिचाऱ्या करणार काय? मोबाइल बघत बसायच्या आणि मी त्यांना चहा विचारायचे. या भागाला दोन तारे, तेही चार रात्रींची आठवण ठेवून.

चूक आमची होती. डोनरला शुश्रूषा थोडेच दिवस लागते. त्यानंतर लागतात उचलणारे हात. आमच्या सर्जननी सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलं होतं. घरात चार किलोच्या आतलं असतं काय? पाण्याची बादली, भरलेला पाच लिटरचा कुकर, पिळलेल्या चादरी, पिठाचा डबा. सिलिंडरचं तर नावच नको. आणि ब्युरोचा नियम असा, की बाई पेशंटचंच करणार, घरकामाला हात लावणार नाही.

तोवर व्हॉट्सॲपवर तेवीस जणांचा ग्रुप झाला होता. 'काहीही लागलं तर हक्काने सांग.' हक्काने सांगायला तोंड उघडतं का कुणाचं! शेवटी नणंद आली आणि तिने एक कागद फ्रिजवर चिकटवला. दूध आणि भाजी वर आणणं: दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा. लेकीला क्लासला सोडणं: शेजारच्या वहिनी. चादरी धुऊन वाळत घालणं: नवरा. पोळ्यांच्या काकूंनी रोज एक तास जास्त, भाजी-आमटीही त्यांच्याकडे. त्यांना महिन्याला दीड हजार वाढवले. ब्युरोच्या दोन दिवसांचेही अठराशे होतात, म्हणजे बघा.

त्या कागदावर तळाशी लाल शाईत आणखी एक ओळ होती: विचारल्याशिवाय गोळी किंवा काढा देऊ नये. कारण एका काकूंनी मायेने अंगदुखीची गोळी आणून दिली होती, आयबुप्रोफेनची. एकाच किडनीवर असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या टाळायच्या असतात. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगा.

पैशांचं एक. भाऊ म्हणाला, बाईचा खर्च मी देतो. नवरा दचकला, 'अवयवाचे पैसे घेतले असं होईल.' तसं होत नाही. अवयव विकणं गुन्हाच आहे, पण १९९४च्या प्रत्यारोपण कायद्यात दात्याला अवयव देण्यामुळे थेट आलेला वाजवी खर्च आणि बुडालेली कमाई 'मोबदल्या'त धरलेली नाही. तरी आम्ही आधी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरना विचारलं आणि पावत्या ठेवल्या. आमच्या पॉलिसीत माझं ऑपरेशन बसलं, घरची मदत नाही. रजेचंही तसंच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी २०२३पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. माझी खाजगी नोकरी, त्यामुळे साठवलेली रजा संपवली आणि पाचव्या आठवड्यात घरून काम सुरू केलं. लवकर केलं. दुपारी चार वाजता खुर्चीतच डोळे मिटायचे. जखम भरली तरी थकवा तीन महिने होता, आणि त्या तीन महिन्यांत मदत काढून घेण्याची घाई सगळ्यांनाच झाली होती, सर्वांत जास्त मला.

पुन्हा करायचं झालं तर? रात्रीची बाई पाचच दिवस, आणि आगाऊ पैसे तेवढेच. पोळ्यांच्या काकूंशी बोलणं ऑपरेशनची तारीख ठरते त्याच दिवशी. आणि ग्रुप काढण्याआधी कागद.

सहा महिन्यांच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.१ आलं, ऑपरेशनआधी ०.८ होतं. एका किडनीला एवढं चालतं म्हणाले, आता वर्षाने या. फ्रिजवरचा कागद अजून तिथेच आहे. दूध आता मीच आणते, लेकीला मीच सोडते. चादरींपुढे मात्र नवऱ्याचं नाव आहे, आणि तो दर रविवारी त्या धुतो. मुदत संपली हे मी त्याला सांगितलेलं नाही.