सममितीचा संच: पाट पास, त्रिकोण नापास

मी भोसरीत एका टूलरूममध्ये फिटर आहे, 19 वर्षं झाली. घरात कुठलीही नवीन वस्तू आली की आधी तिला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, लावायची खोड जडलीय. बायको म्हणते, एक दिवस पोळ्याही मोजशील. तर हा रिव्ह्यू तशा माणसाचा आहे, हे धरून वाचा.

मुलगी सातवीत. सममितीच्या धड्यात अडकली होती. अक्ष, म्हणजे जिच्यावर दुमडलं की दोन्ही भाग जुळतात ती रेघ, काढायला सांगितला की चित्राच्या मधोमध जमेल तशी रेघ ओढायची, आणि घूर्णन सममिती, म्हणजे फिरवून आकृती स्वतःवर किती वेळा जुळते, विचारली की तोंडपाठ केलेले आकडे फेकायचे. म्हणून ऑनलाइन हा संच मागवला, 649 रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि मला भांडण वाढवायचं नाही.

खोक्यात एक अॅक्रिलिकचा पाट, त्यात 12 घरं आणि त्या घरांत बसणारे 12 तुकडे आहेत. त्रिकोण तीन तऱ्हेचे, चौकोन सहा तऱ्हेचे, सुसम पंचकोन, सुसम षटकोन आणि वर्तुळ. सोबत एक प्लॅस्टिकचा आरसा, अंश छापलेली चकती आणि 16 पानी पुस्तिका. तुकड्यांची एक बाजू लाल, दुसरी पांढरी. हा रंग मला आधी नुसता शोभेचा वाटला होता. सगळे पैसे त्या दोन रंगांतच वसूल झाले, ते असे.

तुकडा लाल बाजू वर ठेवून घरात बसवायचा. मग उचलून थोडा फिरवायचा आणि पुन्हा बसवून बघायचा. एका पूर्ण फेरीत जितक्या वेळा बसेल, तितका त्याचा घूर्णन सममितीचा क्रम. चौरस 90 अंशांवर बसतो, म्हणजे चार वेळा. आयत 180 वर, म्हणजे दोनदा. वेडावाकडा विषमभुज त्रिकोण पूर्ण फेरी मारून परत घरी येतो तेव्हा एकदाच, आणि एकदाच बसणाऱ्याला घूर्णन सममिती नाही असं म्हणतात. फिरवताना किती झालं ते विसरायला होतं, म्हणून मी प्रत्येक तुकड्याच्या एका कोपऱ्यावर मार्करने ठिपका दिला. तो खरं तर कंपनीनेच द्यायला हवा होता.

आता तुकडा पालथा करायचा, पांढरी बाजू वर. हे म्हणजे आकृतीची आरशातली प्रतिमाच हातात आली. ती मूळ घरात बसली तर आकृतीला सममिती अक्ष आहे, कुठेच बसली नाही तर नाही. मुलीने वहीत दोन रकाने आखले, लाल आणि पांढरा. चौरस 4 आणि 4. आयत 2 आणि 2. समभुज चौकोन 2 आणि 2. पतंग 1 आणि 1. पंचकोन 5 आणि 5, षटकोन 6 आणि 6. विषमभुज त्रिकोण 1 आणि 0. समांतरभुज चौकोन 2 आणि 0. वर्तुळापाशी तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "हा तर कसाही बसतो, मोजू काय?"

थोड्या वेळाने ती स्वतःहून म्हणाली, "बाबा, पांढरा बसला तर लालइतक्याच वेळा बसतो, नाहीतर एकदाही बसत नाही." मी पुन्हा सगळे तुकडे फिरवून पाहिले. पोरगी बरोबर होती. पांढऱ्या बाजूने जितक्या वेळा बसतो तितकेच अक्ष असतात, त्यामुळे अक्ष एक तर क्रमाइतके निघतात नाहीतर शून्य. पुस्तिकेत हे कुठेही लिहिलेलं नाही. असलं काही तिने स्वतः शोधून काढावं म्हणून मी आणखी 649 खर्च केले असते.

आता तक्रारी.

समभुज त्रिकोणाच्या रकान्यात तिने 1 आणि 1 लिहिलं होतं. मी म्हणालो, नीट फिरव, तीन यायला पाहिजेत. तिने पुन्हा फिरवला, पुन्हा एकच. मी जरा चिडलोच, कारण पुस्तिकेत ठळक अक्षरांत तीन छापलंय. तिचा चेहरा रडवेला झाला, तेव्हा मी तुकडा हातात घेतला. 120 अंशांवर खरोखरच एका कोपऱ्याशी अडत होता. व्हर्निअर लावला. दोन बाजू 60.0 मिलिमीटर, तिसरी 59.2. कंपनीने समभुज म्हणून समद्विभुज विकला होता, आणि समद्विभुजाचं उत्तर 1 आणि 1 हेच. पोरीने प्रामाणिकपणे मोजलं होतं, ओरडा मात्र खाल्ला. संध्याकाळी तिला कुल्फी द्यावी लागली.

कंपनीला फोटो पाठवले. चार दिवसांत नवा तुकडा आला (याबद्दल एक तारा जास्त), पण तोही तसाच, म्हणजे घोटाळा त्यांच्या ड्रॉइंगमध्येच आहे. शेवटी मी कानसने घराच्या कडा थोड्या घासल्या. आता तिन्ही बाजूंनी बसतो. डोळ्याला पटतं, व्हर्निअरला पटत नाही. आणि जास्त घासायचीही सोय नाही, घर फार सैल झालं की त्यात वाट्टेल तो आकार सममित ठरेल.

दुसरी चूक अक्षम्य आहे. पुस्तिकेच्या पान 9 वर समांतरभुज चौकोनाचे सममिती अक्ष 2 असे छापलेत आणि चित्रात दोन्ही कर्ण तुटक रेघेने दाखवलेत. अहो, हीच तर मुलांची नेहमीची चूक! कर्णावर कापलं की दोन सारखे तुकडे होतात, म्हणून मुलांना तो अक्ष वाटतो. पण तुकडे सारखे असणं वेगळं आणि घडी जुळणं वेगळं. मी वर्तमानपत्राचा समांतरभुज कापून तिला कर्णावर दुमडायला दिला. दोन्ही टोकं बाहेर लोंबत राहिली. मग मधोमध टाचणी टोचून अर्धी फेरी दिली, तर बरोबर स्वतःवर जाऊन बसला. तोच त्याचा गुण, तो फिरवला की जुळतो, दुमडला की नाही. आयताच्या कर्णावर आरसा उभा धरलात तर आयताऐवजी पतंग दिसतो, तेही एकदा करून बघा. पान 9 वर मी लाल पेनने फुली मारून 0 लिहिलंय.

आरसा खोक्यातच राहू दे. प्लॅस्टिकचा आहे, जरा दाबला की वाकतो आणि चौरसाची बाजू पोट काढते. माझा दाढीचा छोटा आरसा त्यापेक्षा कितीतरी बरा.

एका गोष्टीसाठी या संचाचे मी आभार मानतो, जरी तिचा संचाशी थेट संबंध नाही. मुलीने विचारलं, हे सगळं कुठे लागतं? मी कामाच्या पिशवीतून एम 8 चा नट आणि 13 चा उघड्या तोंडाचा पाना काढला. नट षटकोनी, म्हणजे दर 60 अंशांनी तोच. त्यामुळे पाना दर 60 अंशांनी पुन्हा पकडू शकतो. पण इंजिनच्या कोपऱ्यात 60 अंश फिरवायला जागाच नसते. म्हणून पान्याचं तोंड दांड्याच्या रेषेत नसतं, मुद्दाम 15 अंश तिरकं असतं. दांडा थोडा फिरवायचा, पाना काढून पालथा करायचा, पुन्हा लावायचा. तोंड एकदा इकडे 15, एकदा तिकडे 15, त्यामुळे 30 अंशांच्या फेऱ्यांत काम होतं. तोंड दांड्याच्या रेषेत सरळ असतं तर पालथं करून काहीच मिळालं नसतं. तिने पाना दोनदा उलटसुलट केला आणि म्हणाली, "म्हणजे हा मुद्दामच बिघडवलाय." 19 वर्षं पाना वापरतोय, मी त्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मग रात्रभर घरात शोधमोहीम. नव्या 20 रुपयांच्या नाण्याला 12 बाजू निघाल्या, आईच्या डब्यातल्या जुन्या 20 पैशाला 6, आणि 2 रुपयांच्या एका जुन्या नाण्याला चक्क 11. अशोकचक्राचे आरे 24, दोन आऱ्यांमध्ये 15 अंश. तीन पिनांच्या प्लगला तिने रकान्यात 1 आणि 1 दिलं आणि मग स्वतःच म्हणाली, एकाच तऱ्हेने बसतो म्हणून तर चुकीचा घुसत नाही.

पाचपैकी साडेतीन. पाटाला पाच, पुस्तिकेला एक. घेणार असाल तर लाल-पांढराच घ्या. दीडशे रुपयांनी स्वस्त असा एकरंगी संचही दिसतो, पण त्यात तुकडा पालथा झालाय की नाही तेच कळणार नाही. आणि आल्या आल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजा.