रम्बुटानची पेटी पडली ७,५४७ रुपयांना

सुनेच्या डोहाळजेवणाला ओटीत नेहमीची पाच फळं नकोत, काही वेगळं ठेवू, असं घरात ठरलं आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात आली. 'थेट केरळच्या बागेतून रम्बुटान, नागपुरात ४८ तासांत घरपोच.' रम्बुटान म्हणजे लिचीसारखंच, पण सालीवर केस असलेलं फळ. दोन किलोची पेटी १,८९९ रुपये. पैसे आधी; नाशवंत माल, दारात परत केला तर कोण खाणार, विकणारा म्हणाला. पटलं. कुणालाही पटलं असतं.

महिना फेब्रुवारीचा. इथेच पाल चुकचुकायला हवी होती! केरळचं रम्बुटान येतं पावसाळ्यात. आम्ही नागपूरकर, संत्र्याचा आंबिया बहार कधी, मृग बहार कधी, झोपेतून उठवून विचारा. आणि बाहेरचं फळ म्हटलं की डोकं गहाण. पण त्याने पेटीचा फोटो पाठवला होता हो! चिठ्ठीवर माझं नाव, पत्ता, पिनकोड. फळं लालभडक, केसांची टोकं हिरवीगार. तोडल्यावर थोड्याच दिवसांत ती टोकं काळी पडतात, हे गोकुळपेठ बाजारातल्या फळवाल्याने नंतर सांगितलं. म्हणजे फोटो ताज्या फळांचाच, पण कुठल्या वर्षीच्या, देव जाणे.

मग 'माल विमानतळावर अडकलाय, कोल्ड स्टोरेजचे ६४९ भरा, परत मिळतील.' भरले. पेटी नाहीच. खडसावलं तर लगेच 'सॉरी मॅडम' आणि एक क्यूआर कोड. 'स्कॅन करा, ४,९९९ जमा होतील, तुमचे २,५४८ ठेवून उरलेले आम्हाला पाठवा.' पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच शेजारच्या काकूंना शिकवलेलं! पण घर पाहुण्यांनी भरलेलं, कानाला फोन, आणि तो सारखा 'लवकर करा, कोड संपेल.' टाकला पिन, आणि ४,९९९ यायच्या ऐवजी गेले. कोडवर नाव कुठल्याशा बाईचं, बागेचा पत्ताच नाही. ते नाव आधी वाचा, मग बोट लावा.

बँकेत गेले तर 'पिन तुम्हीच टाकला ना?' एवढंच. पोलीस ठाण्यात तर कहर. आधी म्हणे सायबरवाल्यांकडे जा, तिकडून म्हणे हद्दीतल्या ठाण्यात द्या. परत आले तर जेवणाची सुट्टी. अर्ज घेणाऱ्याने रम्बुटान कसं लिहायचं ते दोनदा विचारलं आणि वर, 'काहून जी, नागपुरात संत्री कमी पडली का?' सगळे हसले. चोर तिकडे मोकळा आणि तपासणी माझ्या आवडीनिवडीची! पोच मागितली तर 'साहेब आले की मिळेल.' साहेब अजून यायचेत. सात हजार म्हणजे यांना चिल्लर वाटते. माझं महिन्याचं किराणा बिल आहे ते.

तुम्ही असे धक्के खात बसू नका. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पुढच्या खात्यातून निघायच्या आत. व्यवहाराचा बारा आकडी नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण माझ्या चॅटमधले त्याचे निम्मे मेसेज त्याने पुसून टाकले. खाण्याची वस्तू विकणाऱ्याकडे चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, मागा आणि सरकारी साइटवर पडताळा. नुसता छापलेला पाहून भुलू नका.

नंबर अजून चालू आहे त्याचा. डीपीवर आता देवगड हापूस, पेटी १,४९९, पैसे आधी.