स्तनाच्या बायॉप्सीवर सरकारी नियमन असावे का? कोकणापुरता विचार

मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) किंवा सोनोग्राफीत संशयास्पद काही आढळले की सुईने नमुना काढावा लागतो; हीच बायॉप्सी. या कामाच्या दर्जावर सरकारने लक्ष ठेवावे की तो विषय डॉक्टरांच्या संघटनांकडेच राहू द्यावा, याबाबत रत्नागिरी-सिंधुदुर्गातून निवेदन देऊ इच्छिणाऱ्यांनी आधी दोन प्रक्रियांमधला फरक ध्यानात घ्यावा.

सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठीची बायॉप्सी तुलनेने सोपी असते. जागा बधिर करून डॉक्टर पडद्यावर सुईचे टोक पाहत नमुना घेतात आणि त्यासाठी सोनोग्राफीचे नेहमीचे यंत्र पुरते. केवळ मॅमोग्राफीत दिसणाऱ्या कॅल्शियमच्या बारीक कणांसाठी मात्र स्टीरिओटॅक्टिक बायॉप्सी लागते. तीत स्तन दाबून धरून दोन कोनांतून एक्स-रे घेतले जातात व त्यावरून सुईची जागा ठरते. काढलेल्या तुकड्यांचाही एक्स-रे काढून कण त्यांत आले आहेत ना, याची खात्री करावी लागते. ती केली नाही, तर ‘कर्करोग नाही’ हा रिपोर्ट शेजारच्या निरोगी पेशींचा असू शकतो, आणि रुग्ण निश्चिंत होऊन घरी जाते.

अमेरिकेने 1992 साली मॅमोग्राफीच्या दर्जासाठी कायदा केला, पण बायॉप्सीसाठी होणारे मॅमोग्राफीचे काम नियमावलीतून वगळले. 2005 मध्ये तेथील तज्ज्ञ समितीने स्टीरिओटॅक्टिक बायॉप्सीची ही सवलत काढण्याची शिफारस केली. अशा केंद्रांसाठी रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेची मान्यता-योजना आहे, पण ती ऐच्छिक असल्याने ज्यांचे काम मुळात नीट आहे तेच तिच्याकडे वळण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे मॅमोग्राफी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो प्रामुख्याने किरणोत्सर्गाच्या सुरक्षेसाठी. सोनोग्राफी यंत्राची नोंद गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली होते. त्या कायद्याचा हेतू निर्विवाद योग्य आहे. तरीही ज्या यंत्राची जागा बदलायची तरी कळवावे लागते, त्याच यंत्राखाली घेतलेला स्तनाचा नमुना बरोबर जागेचा होता का, हे त्या तपासणीत कोणी विचारत नाही, हे विचित्रच म्हणायचे.

सक्तीविरुद्धचा आक्षेप कोकणात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तालुक्याच्या गावी एकटा रेडिओलॉजिस्ट असतो. किमान इतक्या बायॉप्सी केल्याच पाहिजेत अशी अट आली, तर तो हे काम सोडेल आणि सावंतवाडीच्या बाईला गोव्यातले बांबोळी, राजापूरच्या बाईला कोल्हापूर गाठावे लागेल. भातलावणीच्या दिवसांत असा प्रवास पुढे ढकलला जातो आणि गाठ तोवर थांबत नाही.

म्हणून माझे मत असे की स्टीरिओटॅक्टिक बायॉप्सीसाठी सरकारी सक्ती असावी. ती मोजक्याच केंद्रांवर होत असल्याने तपासणीचा भार फार पडणार नाही. सोनोग्राफीखालच्या बायॉप्सीला संख्येची अट किंवा वेगळा परवाना नको. तेथे एकच नोंद बंधनकारक करावी. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर तो चित्रातल्या संशयाशी जुळतो का, हे डॉक्टरांनी सहीनिशी लिहावे आणि जुळत नसेल तर पुन्हा नमुना कोठे व कधी घेणार, तेही त्याच कागदावर नमूद करून त्याची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी.