रिसेल राइट्सवालं डिजिटल बंडल ९९९ ला घेतलं, एकेक फोल्डर उघडून बघितलं

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी २, आणि ते २ पण एकाच फोल्डरसाठी. घाई असेल तर इथंच थांबलात तरी चालेल. पण ज्यांच्या इन्स्टावर दर थोड्या वेळानं "एकदा घ्या आयुष्यभर विका, १००% नफा तुमचा" वाली जाहिरात येते त्यांनी पुढं वाचा, कारण विकणारा नक्की काय विकतोय हे त्या जाहिरातीत कधीच नसतं.

माझं काम डीटीपीचं, म्हणजे लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर, मेनू कार्ड, आणि हल्ली काही क्लाएंट ईबुक पण करून मागतात. त्यातल्या एक डाएटिशियन मॅडम म्हणाल्या की तयार मजकूर घेऊन त्याला माझं नाव लावता येतं म्हणे, ते जरा बघा ना. म्हणून हे बंडल घेतलं, म्हणजे तयार फाईल्सचा गठ्ठा, पुढं विकायच्या हक्कासकट (रिसेल राइट्स म्हणजे तेच). आत काय काय होतं तर इंग्रजी ईबुक्स, कॅनव्हा या ऑनलाइन डिझाईनच्या साईटचे टेम्प्लेट्स, बॅनरच्या पीएसडी आणि सीडीआर (फोटोशॉप आणि कोरलड्रॉच्या) फाईल्स, "प्रीमियम मराठी फॉन्ट्स", आणि बोनस म्हणून "हजारो मराठी पुस्तकं". विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही, असे शंभर आहेत आणि सगळ्यांचा माल बहुतेक एकाच विहिरीतला दिसतो.

डिलिव्हरी म्हणजे काय तर पैसे भरल्यावर मेलवर एक गुगल ड्राइव्हची लिंक. फाईल त्याच्याच अकाउंटवर असते, उद्या त्याचं अकाउंट उडालं की तुमचा "लाइफटाइम अ‍ॅक्सेस" पण उडाला. आपल्या ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवायचं म्हटलं तर फुकटची जागा १५ जीबी आणि हे बंडल त्याच्या कितीतरी पट मोठं, शेवटी हार्ड डिस्कवर उतरवलं, रात्रभर चालू होतं. जास्त जीबी म्हणजे जास्त माल असं दाखवायची ही युक्ती आहे, आत डुप्लिकेट फाईल्स भरपूर निघाल्या.

आता लायसन्स. वेबसाईटवर ठळक अक्षरात "मास्टर रिसेल राइट्स सहित" आणि बंडलच्या वरच्या फोल्डरमध्ये चार ओळींची टेक्स्ट फाईल, तुम्ही हे विकू शकता, अभिनंदन वगैरे. खाली ना मालकाचं नाव, ना तारीख, ना मुदत. पण ईबुक्सच्या आतल्या एकेका झिपमध्ये मूळ बनवणाऱ्याची स्वतःची लायसन्स फाईल होती, हो-नाहीची लांबलचक यादी, ती विक्रेत्यानं काढायची राहून गेली असावी. ती वाचल्यावर सगळा उलगडा झाला. सातबारा न बघता नुसतं कुंपण बघून जमीन घेण्यासारखंच आहे हे, मूळ कागद त्या आतल्या फाईलमध्ये असतो.

साधे रिसेल राइट्स म्हणजे तुम्ही ती फाईल आहे तशी विकायची, तुमच्या गिऱ्हाइकानं फक्त वाचायची, त्यानं पुढं विकायची नाही. मास्टर असेल तर गिऱ्हाईक पण विकू शकतं, पण मजकुराला हात लावायचा नाही, लेखकाचं नाव तसंच ठेवायचं. आणि नाव बदलायचं, मजकूर बदलायचा, तुकडे करून पोस्ट करायच्या, आपलं लेबल लावायचं तर पीएलआर, म्हणजे प्रायव्हेट लेबल राइट्स लागतात. डाएटिशियन मॅडमना हवं होतं ते हे तिसरं, बंडलच्या जाहिरातीत होतं ते दुसरं, आणि आतल्या बऱ्याच फाईल्सवर होतं फक्त पहिलं. गंमत पुढं आहे, काही लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं की ७ डॉलरच्या खाली विकायचं नाही, आणि काहींमध्ये दुसऱ्या पॅकेजमध्ये घालून विकता येईल का याच्यापुढं "नाही". म्हणजे शेकडो फाईल्स एकत्र बांधून ९९९ ला देणारा हा भाऊ स्वतःच लायसन्स मोडून बसलाय, आणि तो मला कसला मास्टर हक्क देणार! त्याच्याकडं जे नाहीच ते माझ्याकडं येणार कुठून.

पीएलआरबद्दल पण एक गैरसमज भयंकर आहे, की आपलं नाव लावलं म्हणजे कॉपीराइट आपला झाला. नाही होत. ते लायसन्स आहे, मालकी नाही, तोच मजकूर तुमच्यासारख्या अजून कितीतरी जणांना दिलेला असतो आणि त्यांनी तो विकला तर तुम्ही काही करू शकत नाही, तुम्ही स्वतः जे नवीन लिहिलं तेवढंच तुमचं. आपल्या कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ मध्ये हक्क लेखी द्यायला लागतो, आणि कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. कलम ३०ए मुळं हेच लायसन्सला पण लागू. त्यामुळं जाहिरातीतलं "आयुष्यभर, जगभर" मालकाच्या लेखी लायसन्समध्ये नसेल तर त्याला किंमत नाही. भाषांतराचं पण तसंच, तो वेगळा हक्क आहे, इंग्रजीचं मराठी करून विकायचं असेल तर लायसन्सच्या त्या हो-नाहीच्या यादीत भाषांतराला किंवा निदान मजकूर बदलायला हो पाहिजे. आणि ॲमेझॉनवर केडीपी सिलेक्टमध्ये (स्वतःचं ईबुक टाकायची त्यांची एक योजना) टाकायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथं डिजिटल आवृत्ती दुसरीकडं कुठंच नसावी अशी अट असते, पीएलआरच्या मजकुराची ती हमी कोण देणार.

कॅनव्हाच्या फोल्डरमध्ये काही टेम्प्लेट लिंक होत्या त्या ठीक, कॅनव्हा प्रोचे, म्हणजे पैसे भरून मिळणारे, फोटो-चित्रं वापरलेलं टेम्प्लेट लिंक म्हणून विकायला परवानगी आहे, घेणारा ते कॅनव्हातच उघडतो. पण बाजूलाच "५०० प्रीमियम एलिमेंट्स" नावाचं फोल्डर, त्यात कॅनव्हातलीच फुलं-पानं-फ्रेम सुट्या पीएनजी करून ठेवलेली. हे सरळ सरळ नियमाबाहेर आहे, प्रो कंटेंट सुटं, आहे तसं विकता येत नाही. फुकट फोटोंच्या साईटवरचं पण असंच, पेक्सेल्सचा फोटो डिझाईनमध्ये वापरा, धंद्याला वापरा, पण न बदलता तोच फोटो विकायचा नाही. बंडलमध्ये तो पण होता.

फॉन्टवर मात्र डोकंच फिरलं, कारण हे आपलं रोजचं काम. "प्रीमियम" म्हणून दिलेल्यात मुक्ता, बलू, मोदक! हे मुंबईच्या "एक टाईप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेले फॉन्ट, गुगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली फुकट पडलेत. त्या लायसन्सला धंद्यात वापरलेलं चालतं, सॉफ्टवेअरबरोबर बांधून दिलेलं पण चालतं, पण नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही आणि बरोबर लायसन्सची फाईल ठेवायची. इथं ती काढून टाकलेली. काही फॉन्टची तर नावं बदलून "रॉयल मराठी १, २" केलेली. बदललेला फॉन्ट दुसऱ्या नावानं देणं हे त्या लायसन्समध्ये बसतं, उलट मूळ नाव राखीव असेल तर दुसरं नाव द्यायलाच लागतं, पण लायसन्स तेच राहायला पाहिजे आणि मूळ करणाऱ्याची कॉपीराइटची ओळ पण. ते गाळून आपलं लेबल लावलं तर ती चोरीच. आणि त्याच फोल्डरमध्ये श्रीलिपीचे फॉन्ट, जे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, त्याचे कसले रिसेल राइट्स आणि कसलं काय.

बोनसवाली मराठी पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफ. आपल्याकडं लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं, कुणीही छापावं, विकावं, कुठलंच लायसन्स नको. तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि चित्रं दुसऱ्याची असतात, ती आपोआप मोकळी होत नाहीत. पण या फोल्डरमध्ये साने गुरुजींच्या शेजारी आज दुकानात विकत मिळणाऱ्या कादंबऱ्या, अजून लिहिते असलेल्या लेखकांच्या, ग्रंथालयाच्या शिक्क्यासकट. हे जाणूनबुजून विकलं तर कॉपीराइट अ‍ॅक्टच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं, पण इथं जाहिरातच १००% नफ्याची आहे.

सपोर्टला व्हॉट्सॲपवर विचारलं की ईबुक्सचा मूळ मालक कोण, तुम्हाला हक्क कुठून आले ते पाठवा. उत्तर आलं, "सर सगळं १००% कॉपीराइट फ्री आहे, बिनधास्त विका." परत विचारलं की कॉपीराइट फ्री असेल तर मग राइट्स कसले विकताय, त्यावर नुसत्या निळ्या टिक्स आल्या, म्हणजे वाचलं, आणि विषय संपला. रिफंडला "डिजिटल प्रॉडक्ट, नो रिफंड". वेबसाईटवर पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं दोन्ही द्यायला लागतं, आणि त्या अधिकाऱ्यानं ४८ तासात तक्रार मिळाल्याचं कळवायला लागतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय, बघू.

मग २ मार्क कशाचे? ईबुक्समधल्या ज्या थोड्या फाईल्सवर खरं पीएलआर निघालं, बनवणाऱ्याचं नाव आणि बंडलमध्ये घालायची परवानगी दोन्ही असलेलं, त्यांचे. पाणी पिण्याचा तक्ता, आठवड्याच्या बाजाराची यादी, झोपेची नोंद असली चेकलिस्टची पानं चांगली बांधलेली आहेत, मॅडमच्या उपयोगाची. मजकूर मात्र अ‍ॅव्होकॅडो आणि ओट्सनं भरलेला, तो आहे तसा नाव लावून दिला असता तर त्यांच्या पेशंटनी हसूनच सोडलं असतं. तो मॅडम स्वतः नाचणी, ज्वारी, ताकावर आणून नवीन लिहितायत, मी फक्त मांडणी घेतली. एवढंच पाहिजे असेल तर अशी एखादी पीएलआर फाईल मूळ बनवणाऱ्याकडून थेट घ्या, बहुतेक ९९९ च्या आतच पडेल आणि लायसन्सवर त्याचं नाव आणि तारीख असेल. घेण्याआधी त्याच्याकडं लायसन्सची फाईल मागा, ती आधी दाखवायला का-कू केली तर घेऊ नका.

बॅनरच्या पीएसडींचं लिहायचं राहिलंच. त्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर जसाच्या तसा आहे, खाली शुभेच्छुकांचे फोटो आणि मोबाईल नंबर पण तसेच.