नाशिकमधील अपघातग्रस्तांसाठी : खासगी वकील, विधी सेवा प्राधिकरण की लोकअदालत?

वाहन अपघातात जखमी झालेल्या माणसाला त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात दाखल केले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नातेवाइकांना सल्ले मिळू लागतात. कोणी सांगते, ओळखीचे वकील आहेत, ते क्लेम टाकून देतील. कोणी सांगते, मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या (सीबीएस) जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि कोणी सांगते, तारखांच्या फेऱ्या कशाला, लोकअदालतीत तडजोड करून मोकळे व्हा. हे तीनही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे नाहीत. खासगी वकील की प्राधिकरणाचा वकील, हा आपली बाजू कोण मांडणार याचा प्रश्न आहे, तर लोकअदालत हा दावा कोणत्या टप्प्यावर आणि किती रकमेवर थांबवायचा याचा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ कुटुंबे आधी तडजोडीचा विचार करतात आणि वकिलाचा विचार त्यानंतर करतात, हे मला सर्वांत जास्त खटकते.

वकील कोणीही असला तरी दावा एकाच ठिकाणी जातो, तो म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 166 नुसार अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे अर्ज करता येतो. म्हणून मुंबईकडे किंवा पुण्याकडे जाताना दुसऱ्या जिल्ह्यात अपघात झाला, तरी नाशिकच्या रहिवाशाला तेथील न्यायालयात खेटे घालण्याचे कारण नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरीही त्या भरवशावर कोणी थांबू नये. त्याच वेळी आलेल्या नियमांनुसार पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला सादर करायचा असतो, आणि तो अहवालच न्यायाधिकरणाला अर्ज म्हणून स्वीकारता येतो. त्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन अहवाल पुढे गेला का, याची चौकशी करणे हे वकील नेमण्याआधीचे आणि कोणालाही करता येण्यासारखे काम आहे.

आता पहिल्या निवडीकडे वळू. खासगी वकिलाचा खरा लाभ कागद दाखल करण्यात नाही, तर पुरावा उभा करण्यात आहे. समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्यावरून बहुधा दाखवता येतो. खरी ओढाताण होते ती जखमी व्यक्तीचे उत्पन्न किती होते आणि दुखापतीमुळे तिची कमावण्याची ताकद किती गेली, या दोन गोष्टींवर. अंबडच्या कारखान्यातील कायम कामगाराकडे पगारपत्रक असते, पण दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणी करणाऱ्या मजुराकडे, बाजार समितीतल्या हमालाकडे किंवा भाड्याची रिक्षा चालवणाऱ्याकडे कागद नसतो. तेव्हा बागायतदाराला साक्षीला आणणे, बँकेचे पासबुक, बचत गटाच्या नोंदी आणि घरभाड्याची पावती जुळवणे, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदवून घेणे, हे सगळे चिकाटीचे काम असते. अनुभवी वकील ते करतो आणि त्याचे शुल्क घेतो. त्यात गैर काही नाही.

गैर आहे ती टक्केवारी. ‘मिळेल त्यातले इतके टक्के आमचे’ असा करार वकिलाने करू नये, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे व्यावसायिक नियम स्पष्टपणे सांगतात, आणि वकिलाने जाहिरात करून अथवा मध्यस्थ नेमून पक्षकार गोळा करण्यासही ते मनाई करतात. म्हणून रुग्णालयाच्या व्हरांड्यात स्वतःहून येऊन ‘आधी एक पैसाही देऊ नका’ असे सांगणारा माणूस कितीही आपुलकीने बोलत असला, तरी त्याच्यासमोर वकीलपत्रावर सही करू नये आणि कोरा धनादेश तर मुळीच देऊ नये. शुल्क एकरकमी किंवा टप्प्याटप्प्याने, पण आकड्यात ठरवावे, त्यात डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च धरला आहे का ते विचारावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

दुसरी निवड म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मधील कलम 12 नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. ही यादी शांतपणे वाचली तर लक्षात येते, की आपल्या जिल्ह्यातले कितीतरी अपघातग्रस्त तिच्यात बसतात. पेठ-सुरगाण्याकडून कामासाठी आलेला आदिवासी मजूर, सातपूरच्या कारखान्यातला कामगार, घरातला कर्ता पुरुष गेल्यावर दावा करणारी पत्नी किंवा आई, हे सगळे पात्र आहेत. अपघातामुळेच अपंगत्व आलेली व्यक्तीही त्या कारणाने पात्र ठरू शकते. अर्ज जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करता येतो, आणि 15100 या मदत क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते.

‘फुकटचा वकील काय लक्ष देणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पॅनेलवरील, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतील, वकिलाचे शुल्क प्राधिकरण देते आणि ते खासगी शुल्काच्या तुलनेत कमी असते. त्यामुळे कामाची गुणवत्ता वकिलागणिक बदलते, हे मान्य केले पाहिजे. तथापि, पॅनेलवर नेमले जाणारे वकील खासगी व्यवसायही करणारेच असतात, अर्जदाराला पॅनेलमधल्या विशिष्ट वकिलाविषयी पसंती कळवता येते, आणि कामात हेळसांड झाली किंवा वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते. खासगी वकिलाने तारखेला दांडी मारली तर सामान्य पक्षकाराला इतक्या सहज दाद मागायला जागा नसते. ज्या दाव्यात समोरचे वाहन निश्चित आहे, त्याचा विमा चालू आहे, दुखापत गंभीर पण पूर्ण बरी होणारी आहे आणि बिले व्यवस्थित आहेत, तेथे मी पॅनेलवरील वकिलाचाच पर्याय सुचवीन; घरातले दागिने मोडून शुल्क भरण्याची तेथे गरज नाही.

लोकअदालतीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. लोकअदालतीचे गुण खरे आहेत. वाद लवकर मिटतो, भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, आणि विमा कंपनी अपिलात गेली म्हणून पैसे अडकून पडण्याची भीती राहत नाही. परंतु अपील नसणे हे दोन्ही बाजूंना लागू आहे. माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात बागांच्या छाटणीची कामे करतो. मोटारीच्या धडकेत त्याच्या उजव्या हाताचे कोपर मोडले, आत धातूची पट्टी बसवली, आणि पट्टी आत असतानाच विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम आम्ही लोकअदालतीत स्वीकारली. त्या दिवशी ती रक्कम आम्हाला मोठी वाटली, कारण रुग्णालयाचे बिल भागून काही शिल्लक राहत होते. पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, कोपर पूर्ण वळत नाही हे कायमचे ठरले, आणि डोक्यावरच्या मांडवाला हात नेऊन दिवसभर कात्री चालवणे त्याला जमेनासे झाले. तोवर निवाडा अंतिम झालेला होता. घाई आम्हीच केली होती, आणि त्या वेळी ‘अजून थांबा’ असे सांगणारे जवळ कोणी नव्हते.

थांबल्याने किती फरक पडू शकतो, ते आकड्यांतच पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात (2009) वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे ते आकडे, निश्चित केले. 31 ते 35 वर्षांसाठी तो 16 आहे. प्रणय सेठी निकालानुसार (2017) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराच्या व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे असतात. समजा, 32 वर्षांच्या माणसाचे मासिक उत्पन्न 15,000 रुपये सिद्ध झाले. वाढीसह ते 21,000 होते, वर्षाचे 2,52,000, आणि 16 ने गुणल्यावर 40,32,000. आता अपंगत्वाच्या दाखल्यावर 20 टक्के लिहिले असेल आणि तोच आकडा जसाच्या तसा धरला, तर या एका शीर्षाखाली 8,06,400 रुपये होतात. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात (2010) न्यायालयाने सांगितले आहे, की अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे. ती व्यक्ती कोणते काम करीत होती आणि आता त्यातले काय करू शकते, हे पाहिले पाहिजे. छाटणी करणाऱ्याचे अडलेले कोपर आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचे अडलेले कोपर सारखे नसते. न्यायाधिकरणाने कमाईतील घट 40 टक्के मानली, तर हीच रक्कम 16,12,800 होते. उपचाराचा खर्च, वेदना, काळजी घेणाऱ्या माणसाचा खर्च, पुढील शस्त्रक्रिया हे सगळे त्याहून वेगळे.

याच कारणाने कायमचे अपंगत्व राहण्याची शक्यता असेल, तर माझे मत खासगी, मोटार अपघात दाव्यांचा अनुभव असलेल्या वकिलाच्या बाजूने झुकते. आर्थिक ऐपत नसेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करतानाच अशा अनुभवी वकिलाविषयी पसंती लेखी कळवावी. चालकाने दारू प्यायली होती, परवाना नव्हता किंवा विमा संपलेला होता, अशा वादग्रस्त दाव्यांतही हेच करावे. कामावर असताना वाहन अपघात झालेल्या कामगाराने आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी : मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 नुसार कामगार भरपाई आणि मोटार अपघात दावा यांपैकी एकच मार्ग धरता येतो. पहिल्यात कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण हिशेबात धरल्या जाणाऱ्या वेतनाला मर्यादा असते.

विमा कंपनीच्या प्रस्तावाबाबतही अशीच सावधगिरी हवी. कलम 164 खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख आणि मृत्यूसाठी 5 लाख रुपये मिळतात, आणि कलम 149 नुसार कंपनीचा अधिकारी ठरवून दिलेल्या पद्धतीने 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो. या पद्धतीने कलम 164 ची रक्कम स्वीकारली, की कलम 166 खालील दावा संपुष्टात येतो. किरकोळ कमाईच्या, पूर्ण बऱ्या होणाऱ्या किंवा स्वतःचीच चूक असलेल्या प्रकरणात ही रक्कम घेणे शहाणपणाचे आहे. तरुण, कमावत्या आणि कायमच्या जायबंदी झालेल्या माणसासाठी ती घेणे म्हणजे वरच्या हिशेबातील लाखो रुपयांवर पाणी सोडणे होय.

तडजोड करायची झाल्यास ती डॉक्टरांनी ‘आता आणखी सुधारणा होणार नाही’ असे लेखी दिल्यानंतर आणि अपंगत्वाचा दाखला हातात आल्यानंतर करावी. राष्ट्रीय लोकअदालत साधारणपणे वर्षातून चार वेळा भरते, त्यामुळे एक हुकली तरी पुढची काही महिन्यांवर असते. तोपर्यंत एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरण, औषधांची प्रत्येक पावती आणि मालकाचे वेतनाविषयीचे पत्र यांची एक संपूर्ण प्रत घरात ठेवावी. मूळ कागद वकिलाकडे देताना त्यांची यादी करून तिच्यावर वकिलाची सही घ्यावी.